माप

एकोणतीस पूर्ण झाली त्या आठवड्यात
बुटीबोरीच्या बसचा पास पुढं काढला नाही.
"काय करून राहिली तू?" बाबा म्हणाले.
कूलरच्या घरघरीत माझं उत्तर
अर्धंच पोचलं असावं.

आता मेडिकल चौकामागे
उके सरांच्या वर्कशॉपात प्लास्टर कालवते.
पहिला पाय बिघडला. दुसराही.
पगार विचारू नका.

आज तुमसरचे टेंभरे काका आले,
गुडघ्याखाली नुसती दुमडलेली पँट.
ओली पट्टी गुंडाळताना
माझेच हात कापत होते.
"घाई नोको करू पोरी," ते म्हणाले,
"मले बी चालणं नव्यानंच शिका लागन."

पट्टी धरून बसलो दोघं.
घट्ट होताना प्लास्टर तापतं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.