समास नसलेली वही

एकतीस वर्षं मी दस्त लिहिले
बाहिआ ब्लांकात, एचेनिके नोटरींच्या कचेरीत,
खिडकीला पुठ्ठा लावून, कारण इथला वारा
सही वाळायच्या आत कागद पळवतो.
चूक झाली तर खरवडायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकले.
एक आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता येईल अशी,
आणि शेवटी, सह्यांच्या वर, शेरा:
'दुरुस्त केले. ग्राह्य.'
तेवढ्यावर किती घरं उभी आहेत या गावात.

आता सायकलवाल्याचा लाउतारो मला शिकवतो.
फोन माझा, बोट त्याचं.
म्हणतो, दोन्या नेलिदा, हे पाकीट,
पण पाकिटात पैसे नसतात, नुसती किल्ली.
मग पैसे कुठे?
सगळीकडे, म्हणतो,
आणि माझाच माते माझ्याच नळीनं ओढतो.
पडद्यावर बारा शब्द आले.
कोळसा, मावशी, होडी, लवकर…
कुणाला सांगायचे नाहीत, फोटो काढायचा नाही.
मी ते गॅसच्या बिलामागे उतरवले, कचेरीच्या वळणात,
आणि बिल शिवणाच्या डब्यात,
जिथे नवऱ्यानंही कधी हात घातला नाही.

बोचास क्लबचं छप्पर वादळात गेलं.
वर्गणी आता ॲपवर. ॲपला मालक नाही म्हणे,
खजिनदारही नाही.
(मागचा खजिनदार आठवला की हे बरंच वाटतं.)
नियम एकदाच लिहिलेले, ते आपले आपण चालतात:
एवढे जमले तर पत्रे, नाहीतर ज्याचे त्याला परत.
'पाकीट जोडा.' जोडलं.
'सही करा.'
जन्मभर लोकांना म्हणत आले, आधी वाचा,
आणि मी वाचलं नाही.
गॅस किती लागतोय बघा, म्हणाला.
मी उठून शेगडी पाहून आले.
तो हसला नाही, हे त्याचं चांगलं.

मग त्यानं ती खिडकी उघडली
जिच्यात सगळ्यांचं सगळं दिसतं.
सहासष्ट अक्षरांचा एक आकडा, हिरवी खूण,
बारा सेकंदांपूर्वी.
माझ्या वर कुणीतरी कुणालातरी अठरा लाख,
खाली कुणी बेडकाचं चित्र विकत घेतलेलं,
मध्ये मी, अर्ध्या पत्र्याएवढी.
असं दप्तर पाहिलं नव्हतं:
सताड उघडं, आणि एकाचंही तोंड दिसेना.

तळाशी माझा मजकूर.
'तेचो'साठी लिहायचं होतं, छपरासाठी.
पहिलंच अक्षर घसरलं, झालं 'एचो'साठी.
एचो म्हणजे झालेलं. होऊन गेलेलं.
होऊन गेलेल्यासाठी, नेलिदाकडून.
खोड, म्हटलं.
येत नाही.
मग रेघ मार.
रेघ नाही, दोन्या. समासच नाही इथे.
किती दिवस राहील?
त्यानं नुसते खांदे उडवले.

रात्री पडून होऊन गेलेलं मोजत होते.
एकोणनव्वद साली, एका विधवेच्या दस्तात
मी एक तारीख दुरुस्त केली होती.
रेघ, शेरा, ग्राह्य, सगळं रीतसर.
मूळ तारीख चुकलेली नव्हती.
घर तिचं राहिलं. तिच्या दिरानं पुष्कळ वर्षं
माझ्याकडे पाहून टोपी काढली नाही,
पण पुरावा त्याला मिळाला नाही.
या वहीत ती सेकंदासकट सापडली असती.

तीनच्या सुमाराला उठले. चष्मा, डबा, बिल.
बोट माझंच.
रक्कम शून्य. मजकूर:
'वरील नोंदीत एचोऐवजी तेचो वाचावे.
दुरुस्त केले. ग्राह्य.'
गॅस पडला एका मेदियालुनाच्या किमतीएवढा.
या वेळी वाचून सही केली.

सकाळी लाउतारोनं दोन्ही नोंदी पाहिल्या,
मध्ये हजारो अनोळखी माणसांचे व्यवहार.
पण चुकलेलं तर तसंच आहे वर, म्हणाला.
म्हटलं, असू दे.
खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे.