पुढचा चिमटा

वाल्पाराइसोच्या चढावर, पत्र्याच्या शेडमध्ये
रिगोबेर्तो तिसरा चिमटा हातात तोलतो.
पहिला सायकलचा. मोटरच्या पहिल्याच हिसक्याला
त्याच्या खाचा फाकल्या.
दुसरा वळणावर पिळवटला.

दुचाकी वळताना झुकते,
भार सरळ खाली उतरतो.
तीनचाकी ताठ. तिचं आडवं ओझं
चिमट्याच्या दोन पायांवर.
हे कळायला दोन चिमटे गेले.

हा मोपेडचा, भंगारातला, किलोवर घेतलेला.
एदेल्मिरा भिंत धरत दारापर्यंत येते,
आजारानंतर तिचा तोल डावीकडे जातो.
"एवढं लोखंड? माझं वजन ते केवढं!"

"बटाटे धर," तो म्हणतो. "गॅसची टाकी धर.
उतारावर दाबलेला ब्रेक धर."
वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढतो,
आणि ठिणग्यांआडून:
"मागे मला धर."