ओटी

पाणी रात्री अडीचला सुटलं.
हिलालआप्पाने चावी फिरवली तेव्हा
गल्ली जागीच होती आठ दिवसांची,
एकच हाक या टोकापासून त्या टोकापर्यंत:
पानी वनं, पानी वनं!

सकाळी मी निघते.
पिशवीत सहा नळ्या, एक वही
आणि तपकिरी काचेची बोटभर बाटली.
आमच्या खात्यात तिला ओटी म्हणतात.
थेंब टाकायचा, नळी उजेडात धरायची.
पिवळं झालं तर औषध पोचलं.
नाही झालं, तर नाही.

एवढीच माझी विद्या.
अकरा वर्षं मी अमळनेरचं पाणी पिवळेपणावरून ओळखते.
टाकीखालच्या घरांत केळीच्या सालीइतकं,
बाजारात हळदीचा हात विसळल्यासारखं,
शिंपी आळीत असेल-नसेल,
उन्हात धरलं तर दिसतं, सावलीत मावळतं.
आणि शेवटी, बोरीच्या उतारावर,
जिथे पाईप गटारीच्या कुशीतून वर येतो,
यमुनाबाई सैंदाण्यांच्या ओट्यावर
थेंब पडतो
आणि काहीच होत नाही.

"देख ताई, कितलं सोच्छ शे!"

कसं सांगू यमुनाबाईंना,
की या नितळाचीच मला भीती वाटते.
शेजारीण तर परवा पिवळी नळी बघून
पोरांना मागे ओढत होती.
या घरात पिवळं असं एकच:
खाटेवर पडलेल्या नातवाचे डोळे.
ते पिवळं माझ्या तक्त्यावर नाही.

काल घरात कानबाई बसली होती. आज उठली.
चौरंगाची जागा अजून ओली,
लाह्या पायाला लागतात.
"बस वं माय, वटी भरस तुन्ही."
मी म्हटलं, मी तर ओटी घेऊनच फिरते.
त्या हसल्या नाहीत. कळलं नसावं.
तांदूळ आणले, नारळ आणला, खणाचा तुकडा.
रोट नाही; रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही.
पाण्याला अशी अट नाही.
तांब्या भरून समोर ठेवला.

सणाच्या घरचं पाणी कसं नाकारायचं?
आणि माझ्या हातात अजून ती नळी, पांढरी फटक.

पिशवीतून मेडिक्लोर काढलं.
हंड्यात थेंब मोजून टाकले.
तांब्यातलं तुळशीला घातलं,
म्हटलं, अर्धा तास लागेल.
आणि बसले.
अकरा वर्षांत या ओट्यावर पहिल्यांदा.

यमुनाबाई सांगत राहिल्या:
सासू बोरीच्या वाळूत झिरा उकरायची,
वाटीवाटीने हंडा भरायची,
लुगड्याचा पदर दुहेरी करून गाळायची.
मी विचारलं, तेव्हा कोणी आजारी पडत नव्हतं?
त्यांनी नातवाच्या अंगावरची गोधडी सारखी केली.
"मरेत ना वं. पन लिखे कोन?"

पुढे बराच वेळ आम्ही दोघी
हंड्याकडे बघत बसलो,
दूध उतू जायची वाट बघावी तशा.

दुसऱ्या नळीत पिवळं आलं.
फार नाही. पिवळ्या लुगड्याचं पहिलं धुणं असतं तेवढं.
पेला नाकाजवळ नेऊन त्या म्हणाल्या, "वास येस."
येऊ द्या, म्हटलं.
आधी मी प्याले. मग त्या. मग नातू, दोन घोट,
तोंड वाकडं करून.

वहीत नमुन्याला एकच रकाना आहे.
साहेबांना तिथे शून्य पूर्णांक दोन आवडतं,
पेन्सिलीने लिहा म्हणतात, म्हणजे बरं पडतं.
मी पेनाने लिहिलं:
नमुना अकरा, सैंदाणे, बोरी उतार. निरंक.
दुसऱ्या नळीचं कुठे लिहायचं ते सुचलं नाही.
ते हंड्याचं होतं, नळाचं नव्हतं.

घरी येऊन पिशवी झटकली
तर ओटीतले तांदूळ ओटीच्या बाटलीला चिकटलेले.
पुसून ठेवली.
पुढचं पाणी मंगळवारी, रात्री अडीचला.
पाईप तिथेच आहे.