दुधाची जीप

हिला किल्ली नाही. पायाशी हे बटण आहे,
ते दाबायचं, आणि गारठा असला
तर वर चार शिव्या. त्या मी पाहुण्यांदेखत देत नाही.
बसा. दारं नाहीत, पट्टे नाहीत,
कोपरं आत घ्या. आमच्या कोतांतांच्या कुंपणांना
आल्यागेल्याची ओळख नसते.

पहिला थांबा, मारेंचं कुरण.
उतरायचे होते इथे. उतरले तिकडे,
तो बगळा उभा आहे तिथे.
नकाशात ते गवत होतं.
जर्मनांनी नदी तुंबवून ठेवलेली,
आणि वरून, चांदण्यात,
गवत काय, पाणी काय, सारखंच चमकतं.
पाणी छातीएवढं. अंगावर ओझं माणसाएवढं.
इतकं सांगून मी इंजिन बंद करते.
सगळे गप्प होतात.
खरं तर पैसे त्या गप्पपणाचेच असतात.

आजीचं मात्र मी सांगत नाही.
एर्नेस्तीन, तेव्हा एकोणीसची.
तिला रात्री ऐकू आलं.
वाटलं, ब्लाँदेलांचं वासरू गाळात रुतलं.
संचारबंदी होती. आई म्हणाली, नीज.
हंबरणं आणि हंबरडा
पाण्यावरून येताना निवडता येत नाहीत.
तिनं तो आवाज कानामागे टाकला,
आणि पुढे साठ वर्षं तो तिथेच राहिला,
चष्म्याच्या काडीसारखा.

सकाळी वासरू गोठ्यात होतं.

आज मिनेसोटाचा एक म्हातारा होता, वेंडेल ऑस्बी,
जन्मभर गाईंचं केलेला. काका इथेच कुठेतरी.
तो पाण्याकडे बघेना. जीपच्या कडेचा
टवका उडालेला रंग नखानं खरवडत म्हणाला,
खाली निळा कसा?

मग सांगावंच लागलं.
की फौज गेली, ही मोडकी मागे राहिली,
आजोबांनी दोन कोंबड्या आणि एक घड्याळ देऊन घेतली.
लढाई हिनं केली असेल वर्षभर.
दुधाच्या बरण्या वाहिल्या एकतीस वर्षं,
निळ्या रंगात, आजीच्या हाताखाली.
हिरवा रंग आणि पांढरा तारा बाबांचा.
दुधाची सहल कोण मागतं?

आणि मग तेही सांगितलं, न सांगायचं.
की त्यानंतर कुणाच्याही रानात
रात्री काही हंबरलं, की आजी उठायची,
नाइटगाउनवर कोट, पायांत गमबूट,
आणि ही सुरू करायची.
बहुतेकदा काही नसायचं.
एखादी गाय, उगीच.
दोनदा खरंच वासरू होतं, एकदा दारुडा पोस्टमन.

वेंडेल काही बोलला नाही.
बाजूनं वाकून बटण बघितलं,
मधोमध झिजलेलं, बशीसारखं खोलगट.
विचारलं, मी दाबू?

मी सरकून जागा दिली.
पहिल्यांदा नाही लागली.
गारठा होता.
मी त्याला त्या चार शिव्या शिकवल्या.