बावीसनंतरचा रकाना

कार्डावर तेहतीस चौकोन असतात.
शनिवार-रविवार सोडून रोजचा एक,
टेकाडे सर निळ्या पेनानं भरतात.
देवाजी कोडापेचे बावीस भरले
आणि तेविसावा कोरा.

एप्रिल. नागपूर रात्रीही विझत नाही.
मेडिकल चौकात सहा वाजता तर्री-पोहे गिळून
मी सकाळपासून पडद्यावर
एका माणसाची मान कापते आहे,
तीन-तीन मिलिमीटरच्या चकत्या.
मज्जारज्जूभोवती हिरवी रेघ,
लाळग्रंथीभोवती पिवळी,
आणि लाल, गालाच्या त्या कोपऱ्यात
जिथं खर्रा वीस वर्षं मुक्कामाला होता.
वैरागडे मॅडम मागं येऊन उभ्या राहतात.
"लाल फार उदार काढलंस. त्याला पुढं जेवायचंय."
पुसते. पुन्हा काढते.
शाळेत माझी चित्रकला काठावर पास.

हे नव्या मशीनचं.
देवाजी जुन्यावर.
जुन्याच्या पोटात कोबाल्ट आहे,
तो रोज थोडा संपतो, कुणी वापरो न वापरो.
मी रुजू झाले तेव्हा एका बाजूला
एक मिनिट पन्नास सेकंद पुरायचे.
आता थर्ड इयर, प्रबंध अर्धा,
आणि तक्त्यात दोन मिनिटं तेवीस.
तेवढा वेळ माणूस आत एकटा,
तोंडावर जाळी, जाळी टेबलाला खिळलेली.
आम्ही जाड दाराच्या अलीकडं
टीव्हीवर त्याच्या पायाचा अंगठा बघतो.
हलला की समजायचं, घाबरलाय.
देवाजीचा कधी हलला नाही.
"मी झाडं मोजतो जी," म्हणाला होता.

फोन बंद.
कार्डावरचा नंबर पुतण्याचा, पुतण्या हैदराबादला.
धर्मशाळेचा चौकीदार म्हणाला,
"गेला तो. मोहा पडू लागला म्हणे."
एक दिवस चुकला की गाठ श्वास घेते,
हे पहिल्याच वर्षी पाठ करून घेतलंय.
मी दिवस मोजले. त्यात शनिवार-रविवारही धरले.

मांडणीवर मुखवटे ओळीनं,
प्रत्येकाच्या कपाळावर पट्टी, पट्टीवर नाव.
नवे आले नव्हते. बिल कुठल्या तरी टेबलावर.
बालाघाटहून आलेली फुलवंता
तीन दिवस बाकावर बसून होती, नाकाला पदर लावून.
"कोडापेचा घालू का पाण्यात?" टेकाडे सरांनी विचारलं.
आज नको, म्हटलं.
दुसऱ्या दिवशीही, आज नको.
सातव्या दिवशी म्हटलं, घाला.

गरम पाण्यात आधी नाक जातं.
मग हनुवटी.
मग एक पांढरा सपाट पत्रा तरंगतो,
त्याला कुणीच आठवत नाही.

नवव्या दिवशी देवाजी आला.
गाल आत गेलेले, अंगाला गोड आंबूस वास,
फडक्यात मूठभर वाळलेली फुलं, माझ्यासाठी.
मी ओरडले. पूर्ण वॉर्डासमोर.
अकरा प्रकारे सांगितलं होतं ना, एकही दिवस चुकवायचा नाही!
तो ऐकत राहिला.
"तारीख घेऊन पडते का मोहा, बाई?"
मग मांडणीकडं बघत, हळू,
"माह्यं तोंड कुठी हाय?"

मी टीव्हीकडं बोट दाखवलं.
आत फुलवंता. पहिला दिवस.
जाळीखाली तिचं नाक, तिची हनुवटी,
अंगठा सारखा हलतोय.

देवाजी उकिडवा बसला पडद्यासमोर.
बराच वेळ बघून म्हणाला,
"बसलं बरोबर तिले."
आणि, "झाडं मोज म्हना."

निमजे सर पलीकडं कागदावर
गेलेल्या नऊ दिवसांचा भुर्दंड काढत होते.
टेकाडे सरांनी दुसरं कार्ड पिनेनं जोडलं.
मी इंटरकॉमचं बटण दाबलं.
पढाई, परीक्षा, सगळं करून
मला त्या बाईला एवढंच सांगायचं होतं:
पेड़ गिनो, फुलवंता. गिनती रहो.

दोन मिनिटं तेवीस.
अंगठा अजून थोडा वेळ हलत होता.