मधलं प्लायवूड

बर्डीवर, मोदी नंबर दोनमध्ये,
लांजेवारचं कॉम्प्युटरचं दुकान,
हेडाऊची व्हिडिओ गेमची खोली,
मध्ये एक प्लायवूड.
मीटर एक. कूलर एक,
तोही लांजेवारकडे तोंड करून;
हेडाऊला नुसता वाळ्याचा वास.

मे महिन्यात एक पोरगं कन्सोल घेऊन आलं,
चड्डीच्या खिशात नव्वद रुपये.
पंखा जळालेला.
याचा पार्ट नाही भेटत बावा,
म्हणत हेडाऊनं प्लायवूडवर टकटक केली.
वरच्या फटीतून हात आला,
हातात जुन्या सीपीयूचा पंखा,
दोन मिलिमीटर मोठा.
अर्धा तास कानस चालली.

मग फिरला.
पडद्यावर गाडी सुटली,
वळणावर पोरगं वाकलं
आणि मागे उभे ते दोघं, पन्नाशीचे,
तेही थोडे वाकले.

संध्याकाळी तर्रीपोह्याच्या कागदावरची बातमी
लांजेवारनं मोठ्यानं वाचली:
मोठ्या कंपन्या म्हणे बोलणी करून रायल्या,
कॉम्प्युटरवाले आन् गेमवाले, एकत्र यायची.
करू दे, हेडाऊ म्हणाला,
त्याइचे मीटर किती हायेत, ते इचार पयले.
आणि तर्री पुसून तो कागद
ड्रमात टाकला.

प्लायवूड आहे अजून.
काल गेलो होतो.
कूलर जरासा तिरपा दिसला.