हलकी

हर्णैच्या पुळणीवर संध्याकाळी लिलाव दोन:
एक सुरमईचा,
दुसरा पैजेचा, आजची रुतलेली गाडी
भरतीआधी निघते की नाही.

शमशुद्दीन होडेकर पैज लावत नाही.
शेडमधून जिप्सी काढतो,
वनखात्याने मोडीत काढलेली,
दाराच्या कडेला अजून तो हिरवा.

“नऊशे सत्तर सीसी,” सांगतो, “पंच्याऐंशी साली.
लोक म्हणाले, इंजिन आहे की शिलाई मशीन?
मग तेराशेचं आलं, चाकं जरा फाकली.
पाटे मात्र तेच.
खड्डा आधी मणक्याला कळायचा.”

एसी नाही, वर कापड, पेट्रोल तर घोटाघोटाने.
फौजेने घेतली, पोलिसांनी, जंगलाने.
बाकीच्यांनी शोरूममध्ये दार उघडलं,
मागच्या बाकावर एकदा बसून पाहिलं
आणि डिझेलची मोठी नेली.

कारखान्यात ती बंद झाली त्या वर्षी
शमशूने बायकोच्या भाताच्या कणगीत
चार हब, एक गिअरबॉक्स, पाट्यांचा जोड
ग्रीस लावून पुरून ठेवले.
तांदळाला महिनाभर वास येत होता.

आता लाट मोठ्या गाडीच्या पायरीला लागते.
दोन टन, आपल्याच वजनाने खाली चाललेली.
ही वाळूवर वरवर चालते, कुर्लीसारखी.
लो फोर. दोर ताणतो, कुरकुरतो,
येते.

पुण्याचा माणूस तिथेच विचारतो, देणार का?
आकडा सांगतो. नवी होती तेव्हाच्यापेक्षा जास्त.
शमशू गोड्या पाण्याची नळी घेऊन
खाली शिरलाय, शासीचं मीठ धुतोय.
“जरा मागे व्हा,” म्हणतो,
“बूट भिजतायत तुमचे.”